शिरूरचा ‘ऱ’ आणि शनिवारी रात्री बदललेले संगणक

‘आचाऱ्यास बोलावले’ आणि ‘आचार्यास बोलावले’ या दोन वाक्यांतला फरक मराठीच्या शिक्षकांना सांगायला नको. पहिल्यात स्वयंपाकी येतो, दुसऱ्यात गुरुजी. गेल्या वर्षी जून महिन्यातल्या एका सोमवारी शिरूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत संगणकांनी हा फरक पुसून टाकला. आठवीची मुले हवामानाच्या नोंदी टंकायला बसली होती. ‘वाऱ्याची दिशा’ लिहिताना ‘ऱ’ ची कळ दाबली, तर काहीच उमटेना. मुलांनी साध्या ‘र’ वर काम भागवले आणि वहीभर ‘वार्याची दिशा’ झाली. शनिवारी दुपारपर्यंत सारे ठीक चालले होते. पंधरा यंत्रांपैकी अकरांवर हा प्रकार होता. खिडकीकडच्या रांगेतली चार यंत्रे मात्र शहाण्यासारखी वागत होती.

संगणक शिकवणाऱ्या सरांचा मला फोन आला. “मॅडम, व्हायरस शिरला वाटतं.”

मी विचारले, “शनिवारी त्या चार यंत्रांचं बटण बंद होतं का?” सरांनी चौकशी केली. हो, त्या रांगेच्या बोर्डाचा स्विच शिपायांनी बंद केला होता. बाकीची यंत्रे तशीच चालू राहिली होती. मी म्हटले, “मग आधी त्या चारही यंत्रांची इंटरनेटची वायर काढून ठेवा. पुढचं नंतर बोलू.”

व्हायरस नव्हता. गुन्हेगार मीच होते. या शाळेतली आणि दौंड तालुक्यातल्या आणखी एका शाळेतली मुले पाऊस, तापमान आणि वारा यांच्या नोंदी ठेवतात आणि त्या आमच्या प्रयोगशाळेकडे पाठवतात. त्यांना टंकायला सोपे जावे म्हणून मी लिनक्स कुळातल्या त्यांच्या प्रणालीत मराठी कळफलकाची मांडणी थोडी बदलून दिली होती. उच्चाराप्रमाणे जाणाऱ्या मांडणीत ‘ऱ’ आणि ‘ॲ’ ही अक्षरे मुलांना पटकन सापडतील अशा कळांवर बसवली होती. हा बदल मी कुठे केला, यात चूक होती. ती चूक समजून घेताना संगणक स्वतःला अद्ययावत कसा करतो हेही समजते, म्हणून हा लेखप्रपंच.

समासातली टिपणे

ऑपरेटिंग सिस्टिम ही एक अखंड वस्तू असते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती हजारो लहानमोठ्या गाठोड्यांची बनलेली असते. या गाठोड्यांना पॅकेज म्हणतात. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीच्या भांडारात आज साठ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. आपल्या यंत्रावर त्यांतली दीडदोन हजार सहज असतात. एका पॅकेजमध्ये काय असते? काही फाइली, त्या कोणत्या जागी ठेवायच्या याची यादी, आवृत्तीचा क्रमांक, ‘मला चालण्यासाठी अमुक पॅकेजे लागतील’ अशी मागणी आणि बसवताना-काढताना करायच्या कामांच्या सूचना. यंत्रावर एक व्यवस्थापक असतो. कोणती फाइल कोणत्या पॅकेजच्या मालकीची आहे याचे रजिस्टर तो ठेवतो. शाळेच्या जडवस्तू नोंदवहीसारखेच ते असते.

भारतीय भाषांच्या कळफलकांची वर्णने या प्रणालीत एकाच फाइलीत असतात. इंडियाची दोन अक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले आहे ‘इन’. ती फाइल कळफलक-मांडण्यांच्या पॅकेजच्या मालकीची. मी नेमक्या त्याच फाइलीत चार ओळी घुसडल्या होत्या. पॅकेजची नवी आवृत्ती आली, तेव्हा व्यवस्थापकाने रजिस्टर पाहिले, ‘इन’ ही आपलीच फाइल आहे अशी खात्री केली, जुनी उचलली आणि नवी ठेवली. माझ्या चार ओळी जुन्या फाइलीबरोबर गेल्या.

बालभारतीच्या पुस्तकाचे उदाहरण घेऊ. एखादे शिक्षक वर्षानुवर्षे पुस्तकाच्या समासात टिपणे लिहितात. पुढच्या जूनमध्ये सुधारित आवृत्ती येते, जुने पुस्तक रद्दीत जाते आणि टिपणेही जातात. पुस्तक छापणाऱ्यांचा यात काही दोष नाही. समासात काय लिहिले आहे हे त्यांना कळणार तरी कसे? तीच टिपणे टाचणवहीत असती तर राहिली असती. मी समासात लिहिले होते.

त्या चार यंत्रांची वायर काढायला का सांगितले, तेही आता लक्षात येईल. बदललेल्या फाइलीची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. संशोधनाच्या नोंदींच्या तीन-तीन प्रती ठेवणारी मी, या चार ओळींची एकही ठेवली नाही. सोमवारी रात्री ती चार यंत्रेही अद्ययावत झाली असती तर काम पहिल्यापासून करावे लागले असते.

नवे कोणते, जुने कोणते?

नवी आवृत्ती आली हे यंत्राला कळते कसे? फाइलीतला मजकूर वाचून नव्हे, तर केवळ आवृत्तीच्या क्रमांकावरून. गणिताच्या शिक्षकांना गंमत वाटेल असा एक मुद्दा येथे आहे. २.९ मोठे की २.१०? दशांश अपूर्णांक शिकवताना ‘दहा हे नवापेक्षा मोठे, म्हणून २.१० मोठे’ असे म्हणणाऱ्या मुलाला आपण चूक देतो. आवृत्तीच्या क्रमांकात मात्र त्या मुलाचेच उत्तर बरोबर असते. येथील टिंब हे दशांशचिन्ह नसून प्रकरण आणि पोटप्रकरण वेगळे करणारे चिन्ह आहे. दुसऱ्या प्रकरणाच्या नवव्या भागानंतर दहावा भाग येणार, इतकेच.

आता समजा मी शहाणपणाने संपूर्ण पॅकेजच नव्याने बांधले. मूळ क्रमांक २.४-१ असताना माझ्या पॅकेजला मी २.४-१+शिरूर१ असा क्रमांक दिला. डेबियनच्या नियमानुसार हा क्रमांक मूळच्यापेक्षा मोठा ठरतो, म्हणून यंत्र माझे पॅकेज ठेवील. पण उद्या मूळ प्रकल्पाकडून २.४-२ आले की ते माझ्यापेक्षा मोठे. माझे पॅकेज जाणार आणि नवे येणार. यावर उपाय म्हणून क्रमांकाच्या आधी ‘१:’ असा उपसर्ग लावता येतो. तो लावला की उपसर्ग नसलेला कोणताही क्रमांक, अगदी ९९.९ सुद्धा, लहानच ठरतो. मग माझे पॅकेज कायमचे सुरक्षित! पण याचा दुसरा अर्थ असा की मूळ पॅकेजमध्ये सापडलेले भोक उद्या कोणी बुजवले, तर ती दुरुस्तीही माझ्या यंत्रांपर्यंत कधीच पोहोचणार नाही. ‘होल्ड’ नावाची एक आज्ञा असते, पॅकेजला जागेवरच रोखून धरणारी, तिचेही हेच. कुलूप चोराला अडवते तसे डॉक्टरांनाही अडवते.

सेटिंगच्या फाइलींसाठी मात्र अधिक समजूतदार व्यवस्था आहे. वापरणारा या फाइलींत बदल करणारच, हे गृहीत धरलेले असते. डेबियनचा व्यवस्थापक अशा प्रत्येक फाइलीचा एक ठसा जपून ठेवतो. ठसा म्हणजे फाइलीतल्या सर्व अक्षरांवर गणिती क्रिया करून काढलेली ठरावीक लांबीची संख्या. नवी आवृत्ती आली की तीन ठशांची तुलना होते: मूळ फाइलीचा, सध्या यंत्रावर असलेल्या फाइलीचा आणि नव्या पॅकेजमधल्या फाइलीचा. तुम्ही काही बदललेले नसेल तर नवी फाइल मुकाट्याने बसते. तुम्ही बदलले आहे पण मूळ प्रकल्पाने काही बदललेले नाही, तर तुमची फाइल मुकाट्याने राहते. दोघांनीही बदल केले असतील तर यंत्र विचारते: तुमची ठेवू की नवी घेऊ?

हा ठशाचा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. लिनक्समध्ये ‘एमडीफाइव्हसम’ ही आज्ञा असते. एखाद्या परिच्छेदाची फाइल करून तिचा ठसा काढावा. बत्तीस चिन्हांची एक ओळ मिळेल. मग परिच्छेदातला एकच अनुस्वार काढून पुन्हा ठसा काढावा. जवळजवळ सगळी ओळ बदललेली दिसेल. कोणी मुद्दाम फसवायला बसला तर हा ठसा आता पुरेसा भक्कम मानत नाहीत, पण अजाणता झालेला बदल ओळखायला तो उत्तम आहे.

आता खरी मेख. यंत्र प्रश्न विचारते, पण रात्री दोन वाजता त्याला उत्तर कोण देणार? डेबियन आणि उबुंटू यांच्यात आपोआप अद्ययावत करणारी जी आज्ञावली आहे, ती अशा वेळी सावध पवित्रा घेते: ज्या पॅकेजमुळे प्रश्न उभा राहील ते पॅकेज ती सोडून देते, बाकीची बसवते आणि नोंदवहीत एक ओळ लिहून ठेवते. ती नोंदवही सहसा कोणी उघडत नाही. म्हणजे सेटिंगमधली एक ओळ तुम्ही हौसेने बदलली, आणि त्यानंतर त्या पॅकेजच्या सुरक्षा-दुरुस्त्या तुमच्या यंत्रावर येणे थांबले, असे घडू शकते. वरून सारे अद्ययावत दिसते. माझ्या ‘ऱ’ पेक्षा हा प्रकार मला अधिक धोक्याचा वाटतो, कारण ‘ऱ’ गेला हे निदान दिसले तरी. रेड हॅट कुळातल्या प्रणालींची रीत वेगळी आहे: पॅकेज बांधणाऱ्याने जशी खूण केली असेल त्यानुसार एक फाइल जागेवर राहते आणि दुसरी, नावाला शेपूट जोडून, शेजारी ठेवली जाते. तिथे प्रश्न विचारला जात नाही, पण ती शेजारची फाइल कधीतरी कोणीतरी पाहावी लागते.

दौंडची गोष्ट

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग आपोआप अद्ययावत होणेच बंद करावे. दौंड तालुक्यातल्या शाळेने पूर्वी तेच केले होते. एका अपडेटनंतर त्यांचा प्रिंटर रुसला, म्हणून त्यांनी ती सोयच बंद करून टाकली. पुढे टाळेबंदीत यंत्रे झाकून पडली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातल्या शाळा उघडल्या, मुले परत आली, आणि घरी वहीत लिहून ठेवलेले पावसाचे आकडे यंत्रात भरून आमच्याकडे पाठवू लागली. एकही नोंद पोहोचेना. ‘समोरचा संगणक विश्वासार्ह नाही’ असे सांगून यंत्र संबंध तोडून टाकी.

कारण असे. दोन संगणक सुरक्षितपणे बोलतात तेव्हा समोरचा आपली ओळख पटवण्यासाठी प्रमाणपत्र दाखवतो. ते प्रमाणपत्र खरे आहे असे सांगणारे दुसरे प्रमाणपत्र असते, त्याला तिसरे, अशी साखळी शेवटी एका मूळ प्रमाणपत्रापर्यंत जाते. ही मूळ प्रमाणपत्रे आपल्या यंत्रात आधीपासून साठवलेली असतात. त्यांनाही मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत प्रमाणपत्रे देते आणि जगातली लाखो संकेतस्थळे ती वापरतात. आमचेही त्यांत होते. त्यांच्या जुन्या साखळीच्या टोकाला असलेल्या मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. नव्या मूळ प्रमाणपत्राकडे जाणारा दुसरा मार्ग तयार होता आणि अद्ययावत यंत्रांना तो सापडला. दौंडच्या यंत्रांतली जुनी आज्ञावली मुदत संपलेल्या टोकाशीच अडून राहिली. यंत्रांना कोणी हात लावला नव्हता. फक्त बाहेरचे जग पुढे गेले होते. कागदी वह्या होत्या म्हणून त्या पावसाळ्याचे आकडे वाचले.

आपोआप येणाऱ्या सुधारणांनी मराठीला दिलेही पुष्कळ आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. रुपयाचे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आले. जुन्या यंत्रांवर या दोहोंच्या जागी रिकामा चौकोन दिसे. तो चौकोन भरून निघाला तो अद्ययावत फाँट येत गेल्यामुळेच.

अपडेट थांबवल्याची मोठी किंमत जगाने २०१७ साली मोजली. विंडोजमधल्या एका भोकावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच भोकातून जगभर पसरला. दुरुस्ती न बसवलेली असंख्य यंत्रे त्याला सापडली. पण पुढच्याच महिन्यात उलटे उदाहरण घडले, आणि त्याची झळ महाराष्ट्राला बसली. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम पसरला. त्याने प्रवेश कसा केला? युक्रेनमध्ये करांचे हिशेब ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका आज्ञावलीच्या अपडेटमधून! हल्लेखोरांनी अपडेट पाठवण्याची वाटच ताब्यात घेतली होती. त्यात मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले, त्याच उद्योगसमूहाकडून चालवले जाणारे एक टर्मिनल ठप्प झाले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या अपडेटमुळे न्हावाशेव्याला कंटेनर अडकले.

१९ जुलै २०२४ चा प्रसंग अनेकांना आठवत असेल. विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळत होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली होती. आज्ञावलीचा एक भाग २१ माहिती-घटकांची अपेक्षा करीत होता, प्रत्यक्षात २० पुरवले गेले. अनेक ग्राहकांनी मुद्दाम ‘आम्हांला एक आवृत्ती मागेच ठेवा’ असे ठरवून दिले होते. त्याचा उपयोग झाला नाही. ते सेटिंग मुख्य आज्ञावलीला लागू होते, आणि हे अपडेट तिला पुरवल्या जाणाऱ्या माहितीचे होते.

स्वतः बदल करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट मात्र डेबियनची आहे. ओपनएसएसएल हे गुप्तलेखनाचे पॅकेज. २००६ साली डेबियनमध्ये ते बांधताना, तपासणीच्या साधनाने तक्रार केली म्हणून त्यातल्या दोन ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. हेतू स्वच्छतेचा होता. पण यादृच्छिक संख्या तयार करण्यासाठी लागणारी अनिश्चितता त्याच ओळींतून येत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रक्रियेचा क्रमांक, आणि तो साधारणपणे ३२,७६७ पेक्षा मोठा नसतो. म्हणजे ज्या गुप्त किल्ल्या अगणित प्रकारच्या असायला हव्या होत्या, त्या एका प्रकारच्या यंत्रावर जेमतेम बत्तीस हजार प्रकारच्या उरल्या. ल्युसियानो बेलो यांनी हे शोधून काढले. १३ मे २००८ रोजी ते जाहीर झाले. मूळ ओपनएसएसएलमध्ये हा दोष नव्हता. तो डेबियनमध्ये आणि तिच्यावरून बांधलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींमध्ये होता. दुरुस्त पॅकेज अपडेटमधून सर्वत्र पोहोचले, पण दरम्यान तयार झालेल्या किल्ल्या कच्च्याच होत्या. त्या शोधून टाकून द्याव्या लागल्या. अपडेट आज्ञावली बदलते. तिने आधी करून ठेवलेले काम बदलत नाही.

मग बदल करूच नयेत काय? शिरूर तालुक्यात हे सांगणे धाष्टर्याचे होईल. याच तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो यंत्राला हात लावून शिकावे म्हणून. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली तिथेच उभी राहिली. मुलांनी यंत्र आपल्या गरजेप्रमाणे वळवावे, अशाच मताची मी आहे. प्रश्न फक्त कुठे वळवावे हा आहे.

दौंडकडच्या वाचकांना एक दृश्य परिचयाचे असेल. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंड जंक्शनात आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि मग गाडी उलट दिशेने निघायची. प्रत्येक गाडीला, प्रत्येक फेरीला हा उद्योग. दर अपडेटनंतर ‘इन’ फाइलीत त्याच चार ओळी पुन्हा भरणे हे असेच आहे. पुढे कॉर्ड लाइन झाली, तिच्यावर वेगळे स्थानक झाले आणि त्या वाटेने जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन फिरवणे संपले.

आम्हीही कॉर्ड लाइन टाकली. खिडकीकडच्या एका यंत्रावरून जुनी फाइल घेतली, तिच्यातला आमचा भाग वेगळा काढला आणि ‘शिरूर’ नावाची स्वतंत्र फाइल केली. ही फाइल कोणत्याच पॅकेजच्या मालकीची नाही, त्यामुळे व्यवस्थापक तिला हात लावत नाही. यात एक गैरसोय राहिली: सेटिंगच्या यादीत तिचे नाव दिसत नाही, कारण ती यादीही मूळ पॅकेजच्या मालकीची. म्हणून यंत्र सुरू होताना एक आज्ञा द्यावी लागते; ती आम्ही प्रत्येक खात्याच्या सुरुवातीच्या कामांत लिहून ठेवली. वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेत वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कप्प्यात अशी मांडणी ठेवता येते, तिकडे कधीतरी जावे लागेल. फाइलीची एक प्रत माझ्याकडे, एक शाळेच्या पेन ड्राइव्हवर, आणि एक छापून मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. छापायची कल्पना सरांची. या बदलाची सूचना मूळ प्रकल्पाकडेही पाठवायची आहे. तिथे तो स्वीकारला गेला तर आमची वेगळी फाइलच नको.

सुरक्षेच्या दुरुस्त्या आता पंधराही यंत्रांवर आपोआप येतात. बाकीच्या सुधारणा आधी खिडकीकडच्या एकाच यंत्रावर, शुक्रवारी रात्री. शनिवारी सकाळी आठवीतली दोन मुले त्या यंत्रावर बसतात, नोंदवहीत कोणते पॅकेज सोडून दिले आहे का ते पाहतात, एक पान छापतात, पावसाचा एक आकडा आमच्याकडे पाठवतात आणि शेवटी टंकतात: ‘आचाऱ्यास बोलावले’. स्वयंपाकी आला तर बाकीची चौदा यंत्रे सोडायची.